विश्लेषण : एफआयआर जगजाहीर, मग आरोपपत्र पडद्याआड का?

गुन्हा नोंदवला गेला की २४ तासांत त्याचा प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, पोलिसांच्या संकेतस्थळावर येतो. त्याच गुन्ह्याचा तपास संपल्यावर पोलीस कोणत्या निष्कर्षाला आले, हे मात्र त्या संकेतस्थळावर पाहता येत नाही. आरोपपत्रे संकेतस्थळावर ठेवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी फेटाळली. त्यानंतर फौजदारी कायदे बदलले, माहिती अधिकाराची कक्षाही आक्रसली. आरोपीच्या हिताचे कारण देऊन झालेल्या या निकालाने आरोपीचे हित खरोखर साधते का, हे पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे.

निकाल काय होता?

पत्रकार सौरव दास यांनी ही जनहित याचिका केली होती. पोलीस, तसेच सीबीआय आणि ईडीसारख्या तपास यंत्रणांनी न्यायालयात दाखल केलेली आरोपपत्रे संकेतस्थळांवर उपलब्ध करून द्यावीत, अशी मागणी त्यात होती. याचिकाकर्त्यांची बाजू ॲड. प्रशांत भूषण यांनी मांडली. न्या. एम. आर. शहा आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने ती फेटाळताना प्रामुख्याने तीन कारणे दिली. आरोपपत्र व सोबतची कागदपत्रे सरसकट संकेतस्थळावर टाकणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या रचनेशी विसंगत आहे, त्यातून आरोपी, पीडित आणि तपास यंत्रणा या तिघांच्याही हक्कांना बाधा येऊ शकते, हे पहिले. आरोपपत्राची प्रत पुरावा कायद्याच्या कलम ७४ नुसार ‘सार्वजनिक दस्तऐवज’ ठरत नाही, हे दुसरे. आणि स्वतःहून माहिती जाहीर करण्याबाबत माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये जी तरतूद आहे, तिचा आधार या मागणीला घेता येत नाही, हे तिसरे. सुनावणीदरम्यान अशा माहितीच्या गैरवापराची भीतीही खंडपीठाने व्यक्त केली होती.

मग एफआयआर संकेतस्थळावर का असतो?

तो आदेशही सर्वोच्च न्यायालयाचाच आहे. ‘यूथ बार असोसिएशन ऑफ इंडिया’ प्रकरणात न्या. दीपक मिश्रा आणि न्या. सी. नागप्पन यांच्या खंडपीठाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी, नोंदणीपासून २४ तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले. दुर्गम भागात इंटरनेटची अडचण असेल तर ही मुदत ४८ आणि फार तर ७२ तासांपर्यंत वाढवता येते. लैंगिक अत्याचार, ‘पॉक्सो’, दहशतवाद आणि बंडखोरी यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. गुन्हा संवेदनशील आहे की नाही, हे ठरवणारा अधिकारी पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, अशी अट आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही ‘प्रकाशित एफआयआर’ असा विभाग आहे.

हा आदेश आरोपीच्या सोयीसाठी होता, हे खरे. आपल्यावर काय आरोप आहे, हे कळल्याशिवाय त्याला अटकपूर्व जामिनासाठी धाव घेता येत नाही. २०२३ च्या निकालाने नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. ते निर्देश आरोपीच्या हिताचे होते, त्यांचा विस्तार करून सर्व जनतेला आरोपपत्रे पाहण्याचा हक्क देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु आदेशाचा हेतू आरोपीपुरता असला, तरी त्याचा परिणाम तेवढ्यापुरता राहिलेला नाही. एफआयआर सगळ्यांनाच दिसतो, आणि खरा पेच तिथूनच सुरू होतो.

या विसंगतीचा फटका कोणाला बसतो?

एफआयआर ही तपासाची सुरुवात असते. फिर्यादीने जे सांगितले, ते त्यात उतरते. त्याची खातरजमा झालेली नसते, दुसरी बाजू ऐकलेली नसते. आरोपपत्र हे तपासाचे फलित असते. त्यात साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय व न्यायवैद्यक अहवाल यांच्या आधारे पोलिसांनी काढलेला निष्कर्ष असतो. म्हणजे दोन्हींत अधिक कच्चा, अधिक एकतर्फी दस्तऐवज लोकांसमोर आहे आणि तुलनेने तपासून घेतलेला दस्तऐवज झाकलेला आहे.

समजा, बांधाच्या वादातून भावकीत हाणामारी झाली आणि फिर्यादीने समोरच्या घरातील आठ जणांची नावे दिली. त्यात पुण्याला शिकणारा मुलगा आहे आणि सासरी असलेली मुलगीही आहे. तपासात त्या दिवशी हे दोघे गावातच नव्हते असे निष्पन्न झाले, पुराव्याअभावी आणखी तिघे वगळले गेले आणि आरोपपत्र उरलेल्या तिघांवर दाखल झाले. संकेतस्थळावर मात्र आठही नावे असलेला एफआयआर तसाच आहे. नोकरी देणारा किंवा स्थळ पाहणारा तोच उघडून वाचतो. ‘आपले नाव तपासात वगळले गेले’ हे सांगायला त्या मुलाकडे लोकांनी पाहावा असा कोणताही अधिकृत कागद नाही. ज्या आरोपीच्या हिताचे कारण देऊन आरोपपत्र झाकले, त्याच्याच हाती निर्दोषत्वाचा पहिला पुरावा जाहीर करण्याचे साधन राहिलेले नाही.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही तफावत आणखी वाढवली आहे. तिच्या कलम ३७ नुसार अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल माध्यमातूनही प्रदर्शित करायचे आहे. अटक झाल्याचे फलकावर येणार, पण त्या व्यक्तीवर पुढे आरोपपत्रच दाखल झाले नाही हे सांगणारा फलक कायद्यात नाही.

तपास बंद होतो तेव्हा काय होते?

याची चर्चा कमी होते. पण पोलिसांच्या उत्तरदायित्वाच्या दृष्टीने हा भाग कदाचित आरोपपत्राहूनही महत्त्वाचा आहे. प्रत्येक गुन्ह्यात आरोपपत्र दाखल होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया २०२२’ अहवालानुसार भारतीय दंड संहितेखालील गुन्ह्यांत आरोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ७१.३ टक्के होते. पोलिसांनी निकाली काढलेल्या दर १०० प्रकरणांपैकी सुमारे २९ प्रकरणे आरोपपत्राविना संपली, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात अशा प्रकरणांचा अहवाल ‘समरी’ म्हणून ओळखला जातो. गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली होती, असे दिसल्यास ‘ब’ समरी. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून तक्रार झाली असेल, तर ‘क’ समरी. या तीन अक्षरांमधला फरक मोठा आहे. ‘ब’ समरीमुळे फिर्यादीच अडचणीत येऊ शकतो. तर ‘अ’ समरी हा पोलिसांनी तपासात आलेल्या अपयशाचा दिलेला कबुलीजबाब असतो.

हा अहवाल स्वीकारण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘भगवंत सिंग’ प्रकरणात १९८५ मध्येच स्पष्ट केले. परंतु एखाद्या पोलीस ठाण्यात ‘अ’ समऱ्याच अधिक का निघतात, एका प्रकारच्या तक्रारी वारंवार ‘ब’ किंवा ‘क’मध्ये का जातात, एखाद्या वजनदार व्यक्तीविरुद्धचा तपास कोणत्या कारणाने थांबला, हे प्रश्न एका फिर्यादीचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. त्यांची उत्तरे ज्या कागदांत आहेत, ते न्यायालयाच्या दप्तरात पडून राहतात. एफआयआरचा आकडा पाहून पोलिसांचे मूल्यमापन होते. तपासाचा दर्जा पाहून होत नाही, कारण तो पाहताच येत नाही.

आरोपपत्र खरोखर गुप्त राहते का?

गाजलेल्या खटल्यांमध्ये तरी नाही. आरोपपत्र दाखल झाल्याच्या संध्याकाळी त्यातील निवडक पाने वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर दिसतात. व्हॉट्सॲपवरील संभाषणे, कबुलीजबाबांतील ओळी, बँक खात्यांच्या नोंदी ‘सूत्रां’च्या हवाल्याने फिरतात. कोणते पान बाहेर द्यायचे, हे ते पान ज्याच्या हाती आहे तो ठरवतो. आरोपीला प्रतिकूल परिच्छेद बाहेर येतो. त्याच आरोपपत्रातील त्याला अनुकूल जबाब येत नाही. या प्रश्नाची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. पोलिसांनी प्रसारमाध्यमांना माहिती कशी द्यावी, याची सर्वंकष नियमावली तीन महिन्यांत तयार करण्याचे निर्देश न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाला दिले. याचा अर्थ असा की, आरोपपत्र झाकून ठेवल्याने ‘मीडिया ट्रायल’ थांबलेली नाही. ज्याला संपूर्ण कागद वाचून बातमी तपासून पाहायची आहे, त्याचाच रस्ता बंद झाला आहे.

निकालाचा कायदेशीर पाया किती भक्कम?

पुरावा कायद्याच्या कलम ७४ नुसार सार्वजनिक अधिकाऱ्यांनी केलेल्या कृतींच्या नोंदी हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. त्यात विधिमंडळ, न्यायपालिका आणि कार्यपालिका अशा तिन्ही शाखांचे अधिकारी येतात. पोलीस अधिकारी कायद्याने नेमून दिलेले काम करतो, त्याचा अहवाल न्यायालयात देतो आणि तो न्यायालयाच्या अभिलेखाचा भाग होतो. असा कागद या व्याख्येत का बसत नाही, याचे विवेचन निकालात पुरेसे आढळत नाही.

याचिकेच्या युक्तिवादालाही मर्यादा होती, हेही मान्य करायला हवे. कलम ७६ नुसार सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळते, ती तो पाहण्याचा हक्क असलेल्यांनाच. शिवाय ही तरतूद पुराव्यासाठीची आहे; संकेतस्थळावरील प्रसिद्धीशी तिचा थेट संबंध नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम ७४ आणि ७५ मध्ये आहे. त्यामुळे केवळ ‘दस्तऐवज सार्वजनिक की खासगी’ या चौकटीत हा प्रश्न सुटणारा नाही. खरा प्रश्न खुल्या न्यायदानाचा आहे. खटला खुल्या न्यायालयात चालत असेल, तर तो ज्या कागदावर उभा आहे तो कागद बंद का?

याबाबत न्यायालयाचीच जुनी भूमिका उपयोगी पडते. ‘आर. राजगोपाल’ प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, एखादी बाब न्यायालयीन अभिलेखासह सार्वजनिक अभिलेखाचा भाग झाली, की तिच्या प्रसिद्धीला खासगीपणाची हरकत उरत नाही; लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतील पीडित स्त्रियांना मात्र संरक्षण असेल. पुढे २०१७ च्या ‘पुट्टस्वामी’ निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले, त्यामुळे आज हा तोल अधिक काळजीने साधावा लागेल. मात्र तोल साधणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे.

निकालानंतर काय बदलले?

दोन गोष्टी. पहिली, ज्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या रचनेचा दाखला निकालात आहे, तिची जागा १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. नव्या संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवणे बंधनकारक आहे. कलम २३० नुसार आरोपपत्र व कागदपत्रांच्या प्रती आरोपीसोबत पीडितालाही, आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून १४ दिवसांत मोफत द्यायच्या आहेत. म्हणजे आरोपपत्र हे केवळ पोलीस, आरोपी आणि न्यायालय यांच्यातील प्रकरण नाही, हे संसदेने मान्य केले. मात्र यातही मेख आहे. पीडिताचा वकील असेल, तरच त्याला प्रत मिळते. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या फिर्यादीला आपल्याच प्रकरणात पोलिसांनी काय लिहिले, हे कळण्यासाठी न्यायालयात अर्ज घेऊन जावे लागते. आरोपपत्र संकेतस्थळावर असते, तर हा हेलपाटा वाचला असता.

दुसरा बदल माहिती अधिकारातला. तपासाला किंवा खटल्याला अडथळा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा या कायद्याच्या कलम ८(१)(ह) मध्ये आहे. तपास सुरू आहे एवढेच कारण पुरेसे नाही, अडथळा कसा येईल हे दाखवावे लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘भगत सिंग’ प्रकरणात बजावले. तरीही या कलमाकडे बोट दाखवून अर्ज फेटाळले जातात. त्यात आता डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीबाबतचे अपवादाचे कलम अधिक व्यापक केले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती माहिती अधिकारातून नव्हे, तर उच्च न्यायालयांच्या नियमांनुसार अर्ज करूनच मिळतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात दिलाच होता. एकेक वाट अशी अरुंद होत गेल्याने २०२३ च्या निकालाचा परिणाम त्या वेळी वाटला त्याहून आज मोठा आहे.

विरोधातील आक्षेपांचे काय?

ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप आरोपीच्या बदनामीचा. २०२२ मध्ये दंड संहितेखालील गुन्ह्यांत दोषसिद्धीचे प्रमाण ५४.२ टक्के होते. म्हणजे निकाल लागलेल्या खटल्यांपैकी जवळपास निम्म्यांत आरोप सिद्ध झाले नाहीत. आरोपपत्र हा पोलिसांचा दावा आहे, न्यायालयाचा निकाल नाही. तो वर्षानुवर्षे इंटरनेटवर राहिला तर निर्दोष सुटलेल्या माणसाचा पिच्छा पुरवील. दुसरा आक्षेप साक्षीदारांचा. आरोपपत्रात त्यांची नावे असतात, जबाब असतात. गावगुंडाविरुद्ध साक्ष देणाऱ्याचे नाव व पत्ता संकेतस्थळावर टाकणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे. सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला २०१८ मध्ये मंजुरी दिली. तिची अंमलबजावणी तालुक्याच्या पातळीवर किती पोहोचली, हे गावोगावचे साक्षीदार जाणतात. तिसरा आक्षेप फोनचे तपशील, बँक खाती, वैद्यकीय कागद अशा खासगी माहितीचा.

परंतु हे तिन्ही आक्षेप कशाला आहेत, हे पाहिले पाहिजे. दुसरा आणि तिसरा मुख्यत्वे आरोपपत्रासोबतच्या कागदपत्रांना लागू होतो. मूळ अहवाल त्यामानाने आटोपशीर असतो: पक्षकार कोण, तक्रार काय, गुन्हा घडल्याचे दिसते का, कोणी केल्याचे दिसते, अटक झाली का, कोणाला वगळले. हजारो पानांचे गठ्ठे जोडपत्रांचे असतात. याचिकेत आणि २०२३ च्या निकालातही या दोहोंचा एकत्रच विचार झाला. आणि संवेदनशील भाग झाकण्याची कल्पना कायद्याला नवी नाही. जबाबातील एखादा भाग उघड करणे सार्वजनिक हिताचे नसेल, तर तो आरोपीला द्यायच्या प्रतीतूनही वगळण्याची विनंती पोलीस अधिकारी दंडाधिकाऱ्यांना करू शकतो. जुन्या संहितेतही ही सोय होती. बदनामीचा आक्षेप तर आरोपपत्राहून एफआयआरला अधिक लागू आहे. तो उघड ठेवायचा आणि त्याचे पुढे काय झाले ते झाकायचे, याने बदनामी कमी होत नाही.

फेरविचार कोणत्या मार्गाने, कोणत्या स्वरूपात?

पुनर्विलोकन याचिकेची मुदत ३० दिवसांची असते आणि तिची व्याप्तीही मर्यादित असते. त्यामुळे तो मार्ग आता व्यवहार्य नाही. निकाल दोन न्यायमूर्तींचा असल्याने, नव्या संहितेच्या संदर्भात हा प्रश्न योग्य प्रकरणात पुन्हा उपस्थित झाल्यास तो मोठ्या पीठाकडे सोपवता येईल. स्वतःच्या निर्णयाकडे पुन्हा पाहण्यात सर्वोच्च न्यायालयाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मनी लाँडरिंग कायद्याबाबतच्या जुलै २०२२ च्या ‘विजय मदनलाल चौधरी’ निकालातील, आरोपीला ‘ईसीआयआर’ची प्रत न देण्याचा मुद्दा पुन्हा तपासण्यासाठी न्यायालयाने महिन्याभरातच नोटीस काढली होती. मात्र न्यायालयाची वाट पाहण्याचीही गरज नाही. संसद कायद्यात दुरुस्ती करू शकते, उच्च न्यायालये आपल्या फौजदारी नियमांत बदल करू शकतात.

स्वरूपाबाबत २०१६ चा आदेश चांगला नमुना आहे. त्यात नियम उघडेपणाचा आहे, अपवाद ठरलेले आहेत आणि अपवाद करणारा अधिकारीही ठरलेला आहे. त्याच धर्तीवर पोलिसांचा अंतिम अहवाल, मग तो आरोपपत्र असो वा समरी, आरोपीला प्रत मिळाल्यानंतर किंवा न्यायालयाने समरीवर आदेश दिल्यानंतर संकेतस्थळावर यावा. जोडपत्रे त्यातून वगळावीत. ती हवी असणाऱ्याने कारण देऊन न्यायालयाकडे मागावीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘केप विरुद्ध ड्रिंग’ प्रकरणात साधारण हीच दिशा दाखवली: खुल्या न्यायदानाचे तत्त्व कागदपत्रांनाही लागू आहे, पण मागणाऱ्याला ती कशासाठी हवीत आणि दिल्याने कोणाला इजा होईल, हे न्यायालय पाहील. साक्षीदार आणि पीडितांची नावे, पत्ते, फोन क्रमांक झाकावेत. लैंगिक गुन्हे, बालके आणि राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित प्रकरणे वगळावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एफआयआर, अंतिम अहवाल आणि खटल्याचा निकाल हे तिन्ही एकाच नोंदीखाली जोडलेले असावेत. वगळलेल्या व्यक्तीचे नाव मूळ एफआयआरशेजारीच ‘तपासात वगळले’ असे दिसावे. निर्दोष सुटल्यास तसे नमूद व्हावे आणि ठरावीक काळाने त्या व्यक्तीला नाव झाकून घेण्याचा अर्ज करता यावा. पोलीस ठाणी ‘सीसीटीएनएस’ने आणि न्यायालये ‘ई-कोर्ट्स’ने जोडली जात असताना हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. असे करताना कर्मचाऱ्यांवर कामाचा बोजा पडेल आणि नावे झाकण्यात चुका होतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच सुरुवात समरी अहवालांपासून आणि सत्र न्यायालयात चालणाऱ्या गंभीर गुन्ह्यांपासून करता येईल.

आरोपपत्रे सरसकट उघडी करा, ही मागणी टोकाची होती. ती सरसकट नाकारणे हेही दुसरे टोकच ठरले. मधला रस्ता आखला गेला नाही, तर संकेतस्थळावर फिर्यादीचे म्हणणे राहील, वाहिन्यांवर ‘सूत्रां’चे म्हणणे राहील आणि तपासाचे अधिकृत म्हणणे तेवढे न्यायालयाच्या कपाटात राहील.